जुन्या खाऊगल्ल्यांना ‘वारसा बाजार’ म्हणून संरक्षण द्या : मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तथा अध्यक्ष, नगर पथविक्रेता समिती, मुंबई.

विषय : खाद्यपदार्थांच्या जुन्या गाड्या व खाऊगल्ल्या पथविक्री आराखड्यात आहेत त्याच जागी कायम ठेवण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबईत फेरीवाल्यांच्या जागा निश्चित करण्याचे काम गेली कित्येक वर्षे रेंगाळले आहे. ते थोडेफार पुढे सरकते तेव्हा दोनच बाजू ऐकू येतात. पोटापाण्यासाठी जागा मागणाऱ्या फेरीवाल्यांच्या संघटना बोलतात आणि चालायला मोकळे पदपथ मागणारे रहिवासी बोलतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु या शहरात तिसरा, फार मोठा वर्ग आहे, जो सकाळी कामावर जाताना, दुपारच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी घरी परतताना गाडीपाशी उभा राहून खातो आणि ज्याचे मत कोणी विचारत नाही. मी त्या वर्गातला आहे आणि त्याच नात्याने हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे. पथविक्रीचा आराखडा अंतिम करताना पन्नास वर्षांहून जुन्या खाऊगल्ल्यांना कायद्यात सांगितलेला वारसा बाजाराचा दर्जा द्यावा आणि तेथील खाद्यपदार्थांच्या गाड्या हलवू नयेत.

मुंबईकरांची आपापल्या गाडीबद्दलची मते किती ठाम असतात, हे आपणांस ठाऊक असेलच. वडापाव कोणाचा चांगला, असा प्रश्न चार जणांत काढून पाहावा. दादरचा माणूस कीर्ती महाविद्यालयाजवळच्या वड्याचे आणि त्याबरोबर मिळणाऱ्या कुरकुरीत चुऱ्याचे नाव घेतो, त्याच दादरमधला दुसरा, छबिलदास गल्लीतला गलेलठ्ठ बटाटावडा पावाशिवायच खावा, असे बजावतो, रोज सीएसएमटीला उतरणारा समोरच्या ‘आराम’च्या पलीकडे जात नाही, आणि ठाणेकर असेल तर तो कुंजविहारचे नाव घेऊन चर्चाच संपवतो. यांतली काही ठिकाणे दुकाने आहेत, काही स्टॉल आहेत, पण त्यांच्याभोवती प्रत्येक वॉर्डात बिननावाच्या शेकडो गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडीची बाजू घेऊन भांडणारे गिऱ्हाईक आहे. लसणीच्या सुक्या चटणीत खोबरे किती आणि तिखट किती, आले-मिरची ठेचून घालावी की वाटून, पाव नुसता द्यावा की तव्यावर बटर लावून परतावा, यावर लोक मनापासून वाद घालतात. आपण रोज काय खातो याकडे इतक्या बारकाईने पाहणारे गिऱ्हाईक हीच या व्यवसायाची खरी तपासणी यंत्रणा आहे, असे मला वाटते.

सँडविचबद्दलची मते तर आणखी बारीक आहेत. बाहेरगावच्या माणसाला या पदार्थाचे कौतुक पटकन कळत नाही, म्हणून तो कसा होतो ते जरा सविस्तर लिहितो. गाडीवाला पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस फळीवर शेजारी शेजारी मांडतो आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या कडा कापून टाकतो. दोन्हींवर टोकापासून टोकापर्यंत बटर फिरवतो. बटर नीट लागले नाही तर वरची ओली चटणी ब्रेडमध्ये मुरून तो मऊ पडतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. मग कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी. मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यावर बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, कुठे ढोबळी मिरची, आणि प्रत्येक थरावर चिमटीने भुरभुरवलेला सँडविच मसाला, ज्यात जिरे आणि काळे मीठ ठळकपणे लागते. हा मसाला प्रत्येक गाडीचा निराळा असतो. टोस्ट हवा असेल तर बाहेरूनही बटर लावून तो ऐवज लांब दांड्याच्या साच्यात बंद करून शेगडीवर धरायचा आणि अंदाजाने उलटायचा. घड्याळ कोणी पाहत नाही, वासावरून कळते. शेवटी सुरीने सहा तुकडे करायचे, वरून पुन्हा बटर आणि चटणीचे बोट, वर बारीक शेव, बाजूला केचप, आणि कागदावर ठेवून हातात द्यायचे. गर्दीच्या वेळी हे सगळे दोन-चार मिनिटांत होते आणि त्याच वेळी पुढच्या तीन गिऱ्हाइकांच्या ‘बिनाकांदा’, ‘तिखट जास्त’, ‘बीट नको’ अशा सूचना त्याच्या ध्यानात असतात.

आता यावरची मते पाहा. जुने लोक साधे, न भाजलेले सँडविचच खरे मानतात, कारण त्यात काकडी-टोमॅटोचा गारवा राहतो. माझ्या पिढीचा कल शेगडीवरच्या टोस्टकडे आहे. आजच्या महाविद्यालयीन मुलांना विजेच्या ग्रिलवर दाबून काढलेले, किसलेल्या चीजने भरलेले सँडविच आवडते. माझे स्वतःचे मत असे आहे की ग्रिलच्या दाबाखाली भाज्यांचे थर एकजीव होतात आणि चीज चटणीची चव झाकून टाकते. मुंबईचे सँडविच ओळखायचे ते चटणीवरून, आणि बिटाची चकती नसेल तर ते अपुरे आहे. या मताशी असहमत असणारे लाखो लोक असतील. त्यांनी सहमत व्हावे अशी अपेक्षाही नाही. मुद्दा इतकाच आहे की या मतभेदांना जागा आहे, कारण अजून शहरात वेगवेगळ्या हातांच्या गाड्या वेगवेगळ्या रस्त्यांवर उभ्या आहेत.

आणि ही विविधता जागेतूनच आलेली आहे, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. झवेरी बाजाराच्या खाऊगल्लीत भाजलेला खिचिया पापड आणि मूगडाळीचे चिले मिळतात, कारण तिथले गिऱ्हाईक मुख्यतः गुजराती-मारवाडी व्यापारी, दलाल आणि सराफांकडे काम करणारे कारागीर आहे. ज्या भागात जैन वस्ती मोठी, तिथला सँडविचवाला बटाट्याऐवजी कच्चे केळे उकडून ठेवतो आणि कांदा-बटाट्याची सुरी वेगळी ठेवतो. माहीमच्या दर्ग्याजवळ कबाब आणि बैदा रोटी आहे. फोर्ट आणि चर्चगेटच्या गाड्या कचेऱ्यांच्या वेळेवर चालतात. दुपारी एक ते अडीच हा त्यांचा खरा धंदा, आणि म्हणून तिथे लवकर हातात पडणारे पदार्थ टिकले. घाटकोपरच्या वल्लभबाग गल्लीत कुटुंबे संध्याकाळी मुद्दाम खायला येतात, म्हणून तिथे डोशांचे नवनवे प्रकार निघाले. कुणी समिती नेमून हे ठरवले नाही. गिऱ्हाइकाने मागितले, गाडीवाल्याने करून पाहिले, चालले ते राहिले. हाच गाडीवाला चार किलोमीटरवरच्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर नेऊन बसवला, तर त्याच्या हाताला तीच चव असूनही तिथे तिचा जाणकार उरत नाही. काही महिन्यांतच तो सगळ्यांसारखे नूडल्स विकू लागतो किंवा गावी निघून जातो.

गाडीची जागा बेकरीशीही बांधलेली असते. लादीपाव पहाटे आणि पुन्हा दुपारी सायकलवरून येतो. तो शिळा झाला की वडापाव फुकट गेला. पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेला पाव गोव्याच्या पाववाल्यांनी आणि नंतर इराण्यांनी या शहरात रुजवला आणि आपण त्यात आपला बटाटावडा घातला, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हवेच्या दृष्टीने तो आदेश योग्यच आहे. परंतु जुन्या लहान बेकऱ्यांना भट्टी बदलण्याचा खर्च झेपला नाही आणि त्या बंद पडल्या, तर त्यांच्या पावावर चालणाऱ्या गाड्याही अडचणीत येतील. पालिकेने या बेकऱ्यांना गॅसजोडणी आणि कर्ज मिळवून देण्यात पुढाकार घ्यावा, अशी माझी जाता जाता विनंती आहे.

या गाड्यांनी शहराला काय दिले, हेही नोंदवले पाहिजे. वडापावाची सुरुवात 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गिरणगावातील पाळीवर जाणाऱ्या कामगाराला उभ्या उभ्या, थोडक्या पैशांत, दोन्ही हात न गुंतवता खाता येईल असे ते खाणे होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लाखो घरांची कमाई थांबली, तेव्हा त्याच कामगारांपैकी कित्येकांनी घरच्या बायकांच्या मदतीने वड्याची गाडी लावून मुले शिकवली. लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. आज त्या गाड्यांवर मराठी माणसाबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, कर्नाटक अशा ठिकठिकाणची माणसे उभी आहेत आणि त्यांचीही दुसरी-तिसरी पिढी या कामात आली आहे.

आता कायद्याकडे येतो. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 मध्ये नैसर्गिक बाजाराची संकल्पना आहे, म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षे आपोआप जमत आले आहेत अशी जागा. याच अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीत स्थलांतराची जी तत्त्वे दिली आहेत, त्यांत स्थलांतर शक्यतो टाळावे असे म्हटले आहे, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालत आलेला बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. म्हणजे मी जे मागतो आहे ती सवलत नाही, संसदेने केलेल्या तरतुदीची अंमलबजावणी आहे. वडापावाचा जन्म 1966 चा धरला तरी पन्नास वर्षे 2016 मध्येच भरली. गिरगाव चौपाटीची भेळ तर आमच्या आजोबांच्या पिढीने खाल्ली आहे. असे असताना या शहरातील खाऊगल्ल्यांची वारसा बाजार म्हणून रीतसर यादी नागरिकांसमोर मांडली जाऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे. इमारतींच्या वारशासाठी मुंबईत 1995 पासून नियमावली आहे आणि तिच्यामुळे काळा घोडा, फोर्ट परिसरातील अनेक दगडी इमारती वाचल्या. त्या इमारतींच्या सावलीत जे खाल्ले जाते, त्याचीही दखल त्याच गांभीर्याने घेतली जावी.

याच अधिनियमाने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे मान दिले आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाखांहून अधिक होती. त्या हिशेबाने हा आकडा तीन लाखांच्या वर जातो. पाहणी दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हावी असेही कायदा सांगतो, आणि 2014 साली झालेल्या पाहणीला आता दशक उलटून गेले. या काळात किती गाड्यांवर बापाच्या जागी मुलगा किंवा नवऱ्याच्या जागी बायको उभी राहिली असेल! नवी पाहणी करताना खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची स्वतंत्र नोंद व्हावी, कारण त्यांची गरज कपडे किंवा मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याहून वेगळी आहे. त्यांना पाणी, निचरा आणि आगीपासून सुरक्षितता लागते.

गाड्यांना होणारा विरोध मला कमी लेखायचा नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसे गेली. त्यानंतर 1 नोव्हेंबर 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेस्थानकापासून 150 मीटर आणि शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांपासून 100 मीटरच्या आत फेरीचा धंदा करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. स्थानकाचे जिने, पूल आणि त्यांची तोंडे पूर्ण मोकळी असावीत, याविषयी माझ्या मनात कोणतीही शंका नाही. तिथे कितीही जुनी गाडी असली तरी ती हलली पाहिजे. व्हीलचेअरवरच्या माणसाला, लहान मूल कडेवर घेतलेल्या बाईला पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर तिथल्या गाडीची बाजू मी घेणार नाही. पण मुंबईच्या नकाशावर स्थानके, शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, देवळे आणि दर्गे यांच्याभोवती ही वर्तुळे काढून पाहिली, तर दक्षिण मुंबईत किंवा दादर-पार्ल्यात मोकळी जागा किती उरते? ज्या विद्यार्थ्याला उपाहारगृह परवडत नाही आणि रुग्णालयात ज्याचा माणूस ॲडमिट आहे, त्या दोघांचे दुपारचे जेवण बहुधा याच वर्तुळांच्या आत असते. म्हणून प्रत्येक ठिकाणी जाऊन, पदपथाची रुंदी मोजून, गर्दीच्या वेळा पाहून निर्णय व्हावा आणि जिथे न्यायालयाचे निर्देश आड येतात तिथे पालिकेने आपली पाहणी घेऊन स्वतः न्यायालयापुढे जावे.

वेळ वाटून घेण्याची सोयही कायद्यात आहे. इंदूरला सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात आणि ती बंद झाली की त्याच दुकानांपुढे रात्री गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलबी घेऊन खाद्यपदार्थवाले बसतात. फोर्टमध्ये संध्याकाळी सातनंतर ओस पडणारे कितीतरी रस्ते आहेत.

स्वच्छतेचा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर गाडी उचलून नेण्यात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माणसाला दिवसभरात दोन बादल्या पाण्यावर भागवावे लागते, त्याने प्लेट स्वच्छ धुवाव्यात अशी अपेक्षा करायची आणि पाण्याचा नळ मात्र द्यायचा नाही, हे न्यायाचे नाही. अहमदाबादला कांकरिया तलावाकाठच्या खाद्यपदार्थवाल्यांना पाणी, कचऱ्याची व्यवस्था आणि प्रशिक्षण देऊन 2018 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे स्वच्छ पथखाद्य केंद्राचे प्रमाणपत्र मिळाले. विक्रेते तेच होते, जागा तीच होती. आपल्या खाऊगल्ल्यांतही दर दहा-बारा गाड्यांमागे एक नळ, एक झाकलेले गटार, ओला-सुका कचरा उचलण्याची ठरलेली वेळ, आणि गाडीवाल्याला अन्न नोंदणीचा फलक लावण्याची सक्ती, इतके केले तर फरक दिसेल. हिरवी चटणी आणि पाणीपुरीचे पाणी यांचे नमुने नियमित तपासावेत आणि निष्कर्ष त्या गल्लीच्या तोंडाशी लावावेत. जो गाडीवाला वारंवार नापास होईल त्याचा परवाना थांबवावा. गिऱ्हाईक म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करू.

गाड्या एका छताखाली आणाव्यात, असा पर्याय सुचवला जातो आणि सिंगापूरचे उदाहरण दिले जाते. ते उदाहरण चांगलेच आहे, पण पूर्ण पाहावे. तिथे 1970 च्या दशकात रस्त्यावरील विक्रेत्यांना जी केंद्रे बांधून दिली, ती लोक राहतात तिथेच, वसाहतींच्या मधोमध, पाणी आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेसह दिली, आणि मूळच्या विक्रेत्यांनाच दिली. 2020 मध्ये युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीची वारसा म्हणून नोंद केली. मुंबईत अशी केंद्रे नव्या वसाहतींत, मेट्रोच्या नव्या स्थानकांजवळ जरूर व्हावीत, जिथे आज काहीच नाही. मात्र भाडे भरू शकणाऱ्या साखळी दुकानांना गाळे देऊन दर्शनी भागात ‘स्ट्रीट फूड’ अशी पाटी लावणे म्हणजे ते केंद्र नव्हे.

नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असा नियम आहे. रहिवासी संघटना, वाहतूक पोलीस, वैद्यकीय अधिकारी, व्यापारी, बँका यांनाही तिथे स्थान आहे. खाणाऱ्याला नाही, आणि त्यासाठी नवी खुर्ची मागण्याचे कारणही नाही. प्रत्येक वॉर्ड कार्यालयाने आराखडा जाहीर करण्यापूर्वी एक महिनाभर नागरिकांकडून लेखी मते मागवावीत : आपल्या भागातली जुनी गाडी कोणती, ती किती वर्षांपासून तिथे आहे, तिथे काय मिळते, त्या जागेची अडचण कोणाला होते. निवृत्त शिक्षक, गिरणीतले जुने कामगार, महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी पुढे येऊन सांगतील. जागा पन्नास वर्षे जुनी असल्याचा पुरावा सरकारी दप्तरात फार थोडा सापडेल; तो लोकांच्या आठवणीत आणि जुन्या दंडाच्या पावत्यांत आहे. गाडीवाल्यांनी त्या पावत्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवल्या आहेत, कारण आपण तिथे होतो हे सिद्ध करायला त्यांच्यापाशी दुसरा कागद नाही.

या मतांच्या आधारे वारसा बाजारांची पहिली यादी वॉर्डनिहाय प्रसिद्ध करावी, तिच्यावर हरकती घ्याव्यात आणि ती अंतिम होईपर्यंत यादीतील ठिकाणच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर जप्तीची कारवाई करू नये, अशी मी आपणांस आग्रहाची विनंती करतो. आराखड्यावर जेव्हा केव्हा सूचना मागवल्या जातील, तेव्हा माझ्या भागातील गाड्यांची माहिती घेऊन मी वॉर्ड कार्यालयात हजर राहीन आणि माझ्यासारख्या इतर खाणाऱ्यांनाही बरोबर आणीन.

आपला विश्वासू,
एक मुंबईकर,
दादर (पश्चिम), मुंबई